व्हॅनमधल्या कपाटाला खोबरेल तेल लावू नका हो

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत कॅम्पर व्हॅनवर पान आलं होतं, गाडीतच झोपायचं गाडीतच रांधायचं असं, छान होतं, मी दोनदा वाचलं. पण त्याच्याखाली जी चौकट होती ना, व्हॅनमधली लाकडी कपाटं कशी साफ करायची म्हणून, ती वाचून हातातला चहा तसाच राहिला. अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी खोबरेल तेल, नसेल तर घरातलं कोणतंही तेल, मिसळा आणि दर आठवड्याला घासा, कपाट वर्षानुवर्षं नव्यासारखं राहते म्हणे. साहेब, हे ज्यानं लिहिलं त्यानं मे महिन्यात चिमूरच्या रस्त्यावर उन्हात उभी असलेली गाडी उघडून पाहिली नाही, एवढं नक्की.

मी कोण ते सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई काहून बोलून राहिली. आमच्या घरी वाढईकाम आहे, सासऱ्यांपासून. रंधा, करवत, जोडणी हे आमच्या घरचे पाहतात आणि घासाई, पॉलिश माझ्याकडे, लग्न होऊन आली तेव्हापासून. दारं-खिडक्या, देवघरं, लग्नातले दिवाण हेच करत आलो. व्हॅनचं खूळ घरात आणलं आमच्या भाच्यानं, पुण्यात नोकरीला आहे, त्यानं जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेतली आणि म्हणाला मामा, आतलं सगळं लाकडाचं तुम्हीच करून द्या. (आरटीओची परवानगी, कागदपत्रं ते त्याचं त्यानं निस्तरलं, ते आधी करा बरं का, गाडीत बदल करायचा म्हणजे नुसतं वाढयाला बोलवून भागत नाही.) त्याच्या गाडीनंतर आणखी दोन गाड्या आल्या. म्हणजे तीन गाड्यांचं काम आम्ही केलं आणि तिन्ही गाड्यांची दुरुस्तीपण आम्हीच केली, आणि शिकलो ते सगळं दुरुस्तीतच.

आता तेलाचं. खोबरेल तेल लाकडावर सुकतच नाही हो. डोक्याला लावता तेव्हा उशी तेलकट होते की नाही, तसंच ते कपाटावर ओलं राहते. आठ दिवसांनी पुन्हा लावलं की थरावर थर. त्यावर आमच्या इकडची धूळ, मुरमाचा रस्ता असला की विचारूच नका, बसली की असा चिकटा तयार होतो की बोट लावलं तर बोटाचा ठसा उमटते. वर खवट वास. बंद गाडीत तो वास कोंडतो. शेंगदाण्याचं तेल तसंच, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल तर थंडीत गोठूनच बसते. "घरातलं कोणतंही तेल" हे छापताना कोणी तरी थांबायला पाहिजे होतं.

नीट सुकणारं तेल आपल्या घरचं म्हणजे जवसाचं. जवस म्हणजे आपलं विदर्भाचंच पीक, चटणी आपण खातो, पण लाकडाला ते चालते हे लोकं विसरून गेले. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, पातळ कातडी धरल्यासारखं. कच्चं तेल सुकायला आठवडे लावते म्हणून रंगाच्या दुकानातलं बेलतेल घ्यायचं, ते जवसाचंच तेल उकळून, सुकवायची औषधं घालून केलेलं असते. त्यामुळे ते खायचं नाही, बाटली स्वयंपाकघरात ठेवायची नाही. एकदम पातळ हात द्यायचा, वीस-पंचवीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, मग दुसरा हात. जाड लावलं की तेही चिकटतेच, तेव्हा जवसाला दोष देऊ नका.

पण त्या तेलाच्या चिंध्यांचं ऐका. ही गोष्ट मला सासऱ्यांनी पहिल्या दिवशी सांगितली होती आणि मी घरात येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगते. बेलतेलाचा फडका चोळामोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. ते तेल सुकताना गरम होते, फडका गोळा केलेला असला की ती गरमी आतच कोंडते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५-४६, बंद गाडीत त्याच्याही वर पंधरा-वीस डिग्री, बाजूला गॅसची टाकी, गादी, पडदे. विचार करा. फडका दोरीवर एकेरी पसरून वाळवायचा, कडक झाला की टाकायचा, नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लावायचं. गाडीत तर ठेवायचाच नाही.

व्हिनेगरचं असं आहे की ते कशावर लावता त्यावर आहे. आणि चौकटीत नेमकं हेच नव्हतं, की कपाटावर पॉलिश कोणतं आहे ते आधी ओळखा. लाकूड पुसतो असं आपण म्हणतो पण आपण लाकूड पुसतच नाही, त्याच्यावरचं पॉलिश पुसतो. चपडीचं पॉलिश, म्हणजे लाखेचं, आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर जी लाख होते तीच स्पिरिटमध्ये विरघळवलेली, ते दिसायला सोन्यासारखं पण नाजूक. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ, आंबट लागलं की मंद होऊ शकते, स्पिरिट लागलं की विरघळून जाते. कोरोनात लोकांनी देवघरंसुद्धा सॅनिटायझरनं पुसली, त्यात अल्कोहोलच असते, आणि मग माझ्याकडे यायचे, ताई यावर पांढरे ठिपके काहून आले. मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) ही रसायनांची पॉलिशं घट्ट, त्यांना एवढं काही होत नाही. ओळखायचं कसं, तर कपाटाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यानं थेंबभर स्पिरिट लावा. चिकट झालं तर चपडी. नाही झालं तर थिनरचा थेंब लावा, मऊ पडलं तर लॅकर. दोन्हीनं काहीच नाही झालं तर बहुतेक पीयू नाहीतर मेलामाइन. आणि पीयूच्या वर कोणतंही तेल लावून उपयोग नाही, जवसाचंसुद्धा, ते आत जातच नाही, वर बसून राहते. तेल फक्त उघड्या लाकडाला.

गाडीत आम्ही आता पीयूच करतो, मॅट. भाच्याच्या गाडीत हौसेनं चपडी केली होती, सागाची फळी होती ना, झाकायला जीव होत नव्हता. आमच्या चंद्रपूर जिल्ह्याचं सागवान म्हणजे काय सांगायचं, २०२३ ला अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहून सागवान गेलं, आख्ख्या देशानं पाहिलं. पण आख्खी गाडी सागाची करायची नसते हे यांनी तेव्हाच सांगितलं होतं, वजन किती होते! १८ एमएमच्या प्लायचा एक आठ बाय चारचा शीट तीस-पस्तीस किलोचा, मग सागाच्या फळ्यांनी भरली तर गाडी चढाला रडणार. शेवटी पल्ले, म्हणजे कपाटाची दारं, सागाचे आणि खोका १२ एमएम प्लायचा असं ठरलं. आणि प्लायमध्ये फसलो. नेहमीच्या दुकानातून नेहमीचा कमर्शियल प्लाय आणला, घरात चालतो तसा. पहिल्या पावसाळ्यातच सिंकखालचा तळ पापुद्रे सुटून भाकरीसारखा फुगला. दुकानदाराचा दोष नाही, आम्हीच विचारलं नाही. आता शिक्का पाहूनच घेतो, आयएस ७१० लिहिलेला, तो मरीन प्लाय, त्याचा गोंद ७२ तास उकळून तपासलेला असतो. आयएस ३०३ चा साधा एमआरवाला, म्हणजे नुसती ओल सोसणारा, गाडीत सिंकजवळ नको. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली पाटी, तर नकोच, एकदा पाणी प्यायला की तो पुन्हा एमडीएफ होत नाही, लापशी होते.

तर त्या गाडीची गोष्ट. मेमध्ये काम झालं, पोरं ताडोब्याला जाऊन आले, कोलारा गेटला, खूश. मग १ जुलैपासून कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद झालं, ते ३० सप्टेंबरपर्यंत बंदच असते, आणि गाडी आमच्या अंगणात ताडपत्रीखाली तीन महिने उभी. काचा घट्ट लावून, कपाटं लावून, वर ताडपत्री बांधून. आम्हाला वाटलं जपून ठेवली! ऑक्टोबरात उघडली तर आत भिजलेल्या गोणपाटाचा वास, पल्ल्यांवर हिरवी-पांढरी बुरशी, तीन पल्ले उघडेनात आणि चपडीवर दुधासारखी साय. एक पल्ला ओढता ओढता बिजागरीसकट हातात आला. भाच्याची बायको रडकुंडीला आली होती बिचारी. आणि तिनंच मग कुठून तरी वाचून खोबरेल तेल लावून ठेवलं, म्हणजे बुरशीला आयतं जेवण. म्हणून तुमची ती चौकट वाचून मला राग आला, खोटं नाही सांगत.

काय होते, लाकूड मेलं तरी श्वास घेते असं सासरे म्हणायचे. उन्हाळ्यात आपली हवा खडखडीत, लाकूड आकसते. ऑगस्टमध्ये हवेतून पाणी पिऊन फुगते. लांबीत नाही फुगत, रुंदीत फुगते. एक फूट रुंदीची सागाची फळी आरामात सुतभर फरक दाखवते, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि पल्ल्याला फट ठेवली असते अर्धा सूत. मग अडकणार नाही तर काय. घराच्या दाराचंही पावसात असंच होते पण घराला आढ्यातून, कौलातून हवा लागते. व्हॅन म्हणजे झाकण लावलेला पत्र्याचा डबा. म्हणून पहिलं जपणं हे, की पावसाळ्यात गाडी उभी करायची तर कपाटांचे पल्ले आणि ड्रॉवर बोटभर उघडे ठेवा, वरची खिडकी जाळी लावून थोडी उघडी, ताडपत्री गाडीला चिकटून नाही तर बांबूवर मांडवासारखी, आणि उघाड पडली की दारं सताड उघडून दोन-तीन तास हवा लागू द्या. आठवड्यातून एकदा तरी. याला रुपया लागत नाही.

आणि पाणी फक्त पावसाचंच येते असं नाही. एक किलो गॅस जळला की त्यातून दीड लिटरच्या आसपास पाण्याची वाफ निघते, हे भाच्यानं कागदावर हिशेब करून दाखवलं तेव्हा मी म्हटलं बापा, आपण कपाटाखाली रोज पाणीच ओतून राहिलो. भाताची वाफ वेगळीच. रांधताना खिडकी उघडी पाहिजे, पंखा बाहेर फेकणारा पाहिजे. दुसरं आपलं वऱ्हाडी-झाडीपट्टीचं लाडकं, कूलर. दुसऱ्या गाडीच्या मालकानं छोटा कूलर आत बसवला. वुडवूलच्या (लाकडाच्या किसाच्या) ताट्या, टाकीत पाणी, खिडक्या बंद. कूलरला समोरून हवा जायला वाट लागते हे घरी सगळ्यांना माहीत आहे, गाडीत काहून विसरते कोणास ठाऊक. कूलरसमोरच्या पल्ल्याचं पॉलिश एका उन्हाळ्यात गेलं. आणि थंडीत, डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री आठ-दहा डिग्रीवर येते, आत दोन-तीन माणसं झोपली की त्यांच्या श्वासाचं पाणी थंड पत्र्यावर जमते आणि ओघळून कपाटाच्या पाठीमागे उतरते. म्हणून कपाटाची पाठ पत्र्याला टेकवायची नाही, बोटभर फट ठेवायची, आणि पाठीलाही पॉलिश. दिसत नाही म्हणून कोरी ठेवायची नाही.

यावरून आठवलं, कडा. माझं तर असं मत आहे की गाडीतल्या कपाटाचं आयुष्य कडांवर आहे, समोरच्या चमकीवर नाही. लाकूड टोकाकडून पाणी पिते, नळीसारखं, पृष्ठभागावरून पिते त्याच्या कितीतरी पट. आणि पॉलिश करणारा वाकत नाही! समोरून तीन हात, आणि खालची कड कोरी. मोबाइल पल्ल्याखाली धरून फोटो काढा, लगेच दिसेल. कोरी असेल तर १८० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकी घासून सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा हात) किंवा पीयू, दोन-तीन हात, टोकाला जास्तीच. नव्या सागाला आधी थिनरचा फडका मारून घ्यायचा, सागात स्वतःचं तेल असते, त्यानं पॉलिश धरत नाही. स्क्रूची भोकं, नळाचा पाइप जाते ते भोक, हे पण आतून पॉलिश लावून घ्या. सिंकखाली तर पाइपाचे क्लॅम्प प्रत्येक ट्रिपनंतर हात लावून पाहायचे, आपले रस्ते म्हणजे गाडीला रोज भूकंप, क्लॅम्प ढिला होऊन थेंब-थेंब गळत राहते आणि महिनाभर कोणाला कळत नाही.

पॉलिश अजून जिवंत आहे का हे पाहायचं असेल तर पाण्याचा एक थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर ठीक. दोन-चार मिनिटांत पसरला आणि खाली डाग काळपट झाला तर समजायचं की पॉलिश गेलं, आता पुसून काही होणार नाही, घासून नवा हात द्यावा लागेल. बहुतेक वेळा पूर्ण कपाट नाही, हँडलजवळ आणि चुलीच्या बाजूलाच गेलेलं असते. तेवढंच करायचं.

साफ करायचं म्हणाल तर चौकटीपेक्षा लहान गोष्ट आहे. आधी कोरडा मऊ ब्रश, धूळ झटकून घ्यायची. हे कोणी करत नाही, सगळे थेट ओला फडका घेतात, आणि मुरमाची धूळ फडक्याखाली आली की तो फडका नाही, पॉलिश पेपर आहे, तुम्ही स्वतःच्या हातानं कपाट घासून काढता. मग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब, फडका घट्ट पिळलेला, इतका की हातावर दाबला तरी पाणी येऊ नये, लाकडाच्या रेघेच्या दिशेनं पुसायचं. मग साध्या पाण्याचा, तोही पिळलेला. आणि लगेच कोरडा. हा तिसरा सगळ्यात महत्त्वाचा आणि याचाच लोकांना कंटाळा. फोडणीचा चिकटा चुलीवरच्या पल्ल्यावर बसला असेल तर साबणाचा फडका पाच मिनिटं नुसता टेकवून ठेवा, तारेची घासणी नको, सोडा नको. सोडा सागाला, बाभळीला काळं करते. बाभळीच्या हँडलला लोखंडी स्क्रू लावले तरी ओल लागली की भोवती काळं होते, तिथं स्टीलचे लावायचे.

बुरशी आली असेल तर गाडीच्या आत झटकू नका, ती उडून दुसरीकडे बसते. पल्ले काढून बाहेर आणा, साबणाच्या पाण्यानं पुसा, सावलीत वारा लागेल असं उभं करून वाळवा. थेट मेच्या उन्हात टाकलं तर तडकतात, आमचा एक पल्ला असाच गेला, आवाज आला हो, काडकन.

मेणाचं पण पुष्कळ जण विचारतात. मेळघाटाकडचं, गडचिरोलीकडचं चांगलं मधमाशीचं मेण मिळते आपल्याला. घरातल्या फर्निचरला छान. पण मेण ६२ ते ६४ डिग्रीला वितळते, आणि उन्हात उभ्या व्हॅनच्या काचेजवळचं लाकूड त्याच्या जवळपास जाते, मग मऊ पडून धूळ धरते. दिवाळीनंतर पातळ हात द्या, घासून चमकवा, होळीपर्यंत मजा घ्या. उन्हाळ्यात नाही.

उधईचं, म्हणजे वाळवीचं. लोकं म्हणतात गाडी लोखंडाची, उधई कुठून येईल. येते. तीन-चार महिने एका जागी उभी, चाकाला गवत लागलेलं, बाजूला सरपण रचलेलं, तर मातीची नळी करून चाकावरून वर चढते. गाडी सिमेंटच्या कोब्यावर उभी करा नाहीतर महिन्यातून एकदा हलवा आणि खाली वाकून चेसिसला मातीच्या रेषा आहेत का पाहा. सागाच्या आतल्या लाकडाला उधई सहसा लागत नाही, पण स्वस्तात देतात त्या फळीला बाजूनं पांढरी पट्टी असते, ती कोवळी, ती कोणीही खाते. कपाटात पिठासारखी भुकटी पडलेली दिसली तर ती उधई नाही, घुण आहे, लाकूड पोखरणारा किडा, तेव्हा तो पल्ला लगेच बाहेर काढून वेगळा ठेवा. कडुनिंबाचा पाला ठेवला तर वास चांगला येते, पण लागलेला घुण त्यानं जात नाही, हे मी वीस वर्षं पाला ठेवून सांगून राहिली.

पत्र लांबलं. तुम्ही कापून छापाल ते माहीत आहे, कापा, पण एक विनंती आहे. जागा कमी पडली तर मेण कापा, साग कापा, आमच्या भाच्याची गोष्ट कापा. तेलाच्या चिंध्यांचं तेवढं मात्र पुढच्या रविवारी त्याच चौकटीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा, कारण "कोणतंही तेल" वाचून उद्या कोणी बेलतेल आणेल आणि फडका गादीखाली कोंबून ताडोब्याला निघेल.

आपली एक वाचक, पॉलिशवाली,
तालुका चिमूर, जिल्हा चंद्रपूर

ता. क. यांनी चष्मा लावून तुमच्या पानावरचा फोटो पाहिला आणि हसायला लागले. ज्या कपाटाला तेल लावून दाखवलं ते लाकडाचं नाहीच, सनमायका आहे. दोन्ही पल्ल्यांवर एकच गाठ, एकाच जागी, एकाच आकाराची. झाड असं उगवत नाही साहेब.